पणजीच्या बोटीवर पहिली रात्र: पंचवीस हजारांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिककडचे चार मित्र डिसेंबरात गोव्याला निघालेत आणि एक रात्र त्यांना पणजीच्या कॅसिनोत घालवायची आहे. प्रत्येकी 25 हजार न्यायचा विचार आहे. कोणता खेळ त्यातल्या त्यात सुरक्षित, रूलेटवर दुप्पट लावत जायची पद्धत चालते का आणि पॅकेज कोणतं घ्यावं, असं विचारलंय. शेवटी जाता जाता एक ओळ आहे: "आमच्यातला एक जण म्हणतो, नशिबानं साथ दिली तर ट्रॅक्टरचा थकलेला हप्ता सुटेल."

मी बांद्याचा. सिंधुदुर्गातली बरीच मुलं पणजीला कामाला जातात, तसाच मीही गेलो. मांडवीतल्या बोटींवर चौदा वर्षं काढली, पहिली नऊ डीलर म्हणून, म्हणजे टेबलावर खेळ चालवणारा, आणि पुढची पाच पिटवर, म्हणजे टेबलांच्या एका विभागावर, सुपरवायझर म्हणून. आता ते काम सोडलंय. जे लिहितोय ते टेबलाच्या आतल्या बाजूला उभं राहून पाहिलेलं आहे. तुमचा खेळाविषयीचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर देतोच. पण मला सगळ्यात जास्त टोचली ती ती शेवटची ओळ, आणि माझा मुख्य सल्ला तिच्याशीच जोडलेला आहे.

आधी जागेबद्दल. पहिल्यांदा येणाऱ्याला प्रश्न पडतो की कॅसिनो भर शहरात, तरी पाण्यात का? याचं कारण कायद्यात आहे. गोव्याचा जुगारविरोधी कायदा 1976 चा. त्यात 1992 मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना परवानगी मिळाली आणि 1996 मध्ये बोटीवर टेबलाचे खेळ चालवायची मुभा आली. म्हणून जमिनीवर यंत्रं आणि खरी पत्त्यांची टेबलं पाण्यावर, अशी ही विभागणी. (महाराष्ट्रातही 1976 सालीच कॅसिनोचा कायदा झाला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं. त्यामुळे आपल्याकडच्या माणसांची वाट पणजीकडेच वळते.) बांदोडकर मार्गावरून जेट्टीवर यायचं, काउंटरवर ओळखपत्र दाखवून मनगटाला पट्टा बांधून घ्यायचा आणि फीडर बोटीनं काही मिनिटांत मोठ्या बोटीवर. वय 21 पूर्ण हवं. चौघांपैकी कोणी गोव्याचा रहिवासी असेल तर त्याला आत घेणार नाहीत, 1 फेब्रुवारी 2020 पासून स्थानिकांना प्रवेशबंदी आहे. हाफ पँट आणि चपला घालून जाऊ नका, जेट्टीवरूनच परत पाठवतात. आत टेबलांजवळ फोटो काढायचे नाहीत.

आता पैशाकडे येऊ. लोक खेळाचा अभ्यास करून येतात आणि खरा मोठा फटका बसतो तो केजवर, म्हणजे जिथे रोख देऊन चिप्स घेतात त्या खिडकीवर. चिप्सच्या खरेदीवर जीएसटी आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून तो 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. तो तुम्ही जिंकता किंवा हरता त्यावर लागत नाही, घेतलेल्या चिप्सच्या पूर्ण किमतीवर, वरून लागतो. काही ठिकाणी या ना त्या सवलतीतून कराचा थोडा भार बोट स्वतः उचलते, काही ठिकाणी सगळा तुमच्यावर टाकते. म्हणून खिडकीवर एकच प्रश्न विचारा: "दहा हजार दिले तर हातात किती रुपयांच्या चिप्स येतील?" पूर्ण कर तुमच्यावर असेल तर 25 हजारांच्या बदल्यात 17,857 च्या चिप्स मिळतील. 7,143 रुपये टेबलाजवळ जायच्या आधीच गेले. पाच मिनिटांनी मन बदललं आणि सगळ्या चिप्स परत केल्या, तरी ते परत मिळत नाहीत.

याची तुलना टेबलावर कॅसिनो, म्हणजे आमच्या भाषेत 'हाऊस', जो वाटा कापतो त्याच्याशी करून बघा. रूलेटच्या चाकावर 1 ते 36 आकडे आणि एक शून्य, असे 37 खण असतात. आकडा लागला तर 35 पट मिळतात. जे दोन खण हिशेबात येत नाहीत, एक तुमच्या स्वतःच्या चिपचा आणि एक शून्याचा, त्यातला शून्याचा खण म्हणजे हाऊसचा वाटा: 37 त 1, म्हणजे 2.7 टक्के. (दोन शून्यांचं चाक दिसलं तर बसू नका, तिथे हाच वाटा 5.26 होतो.) दर फेरीला 500 लावलेत आणि तासाला चाळीस फेऱ्या झाल्या, तर 20 हजारांची उलाढाल होते आणि सरासरीनं तासाला 540 रुपये जातात. म्हणजे खिडकीवर एका मिनिटात जेवढे गेले, तेवढे जायला टेबलाला तेरा तास लागतील. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर कर नाही. हरल्यावर खिशातून पुन्हा पैसे काढून नव्या चिप्स घेतल्या, की तो 40 टक्क्यांचा घास पुन्हा जातो. त्यामुळे माझा नियम: खिडकीवर एकदाच जायचं. दुसऱ्यांदा जायचं नाही, मग रात्रीचे दहा वाजलेले असोत की दोन.

दुप्पट करत जायच्या पद्धतीबद्दल. रूलेटचे 36 आकडे निम्मे लाल, निम्मे काळे, आणि रंग लागला तर लावले तेवढेच वर मिळतात. लालवर 500 लावायचे, हरलो तर 1,000, मग 2,000, 4,000, 8,000. कधीतरी लाल येणारच आणि पहिले 500 सुटणार, असा हिशेब. हा विचार तुम्हाला पहिल्यांदा सुचलेला नाही, मी दर आठवड्याला बघायचो. तुमच्याच आकड्यांवर तपासून बघू. 17,857 च्या चिप्स आहेत. पाच वेळा सलग हरलात तर 15,500 गेले आणि सहाव्या वेळी लागणारे 16,000 तुमच्याकडे नाहीत. खेळ संपला. सलग पाच वेळा हरण्याची शक्यता 3.6 टक्के, अठ्ठावीसात एक. कमी वाटते ना? पण तासाभरात असे वीसेक डाव सुरू होऊन संपतात, आणि त्यातला एखादा तरी फसण्याची शक्यता निम्मी होते. उरलेल्या निम्म्या वेळी काय मिळतं? वीस वेळा 500, म्हणजे 10 हजार. त्यातले 7,143 कर भरून काढण्यात जातात. हातात 2,857. एवढ्यासाठी निम्म्या शक्यतेनं सगळं घालवायची तयारी ठेवायची! आणि पैसे जास्त आणले तरी टेबलाचं मॅक्सिमम, म्हणजे एका वेळी लावता येणारी कमाल रक्कम, पाटीवर लिहिलेलं असतं, दुप्पट करणारा तिथे जाऊन अडकतो.

एक माणूस मला अजून आठवतो. पावसाळ्यातली रात्र, गर्दी कमी. साधारण पंचावन्नचे गृहस्थ, पांढरा शर्ट, खिशाला पेन. माझ्या रूलेटवर बसून छोट्या वहीत येणारा प्रत्येक आकडा लिहीत होते. काळा सलग सात वेळा आला. त्यांनी वही मिटली, समोरच्या सगळ्या चिप्स दोन्ही हातांनी जुळवल्या आणि लालवर सरकवल्या. अंगठा इतका घट्ट दाबला होता की हात उचलल्यावर टेबलाच्या हिरव्या कापडावर ओला ठसा उरला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता तरी लाल यायलाच हवा ना, बाळा?" मी चेंडू सोडला होता. हाताने खूण केली, "नो मोअर बेट्स." डीलरला यावर काहीही बोलायची मुभा नसते. काळाच आला.

त्यांना तेव्हा जे सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगतो. चेंडूला मागचं काही आठवत नाही. सात काळे येऊन गेले तरी आठव्या वेळी लाल येण्याची शक्यता 37 त 18 च असते, पहिल्या वेळी होती तेवढीच. चाकाजवळच्या फलकावर मागचे आकडे झळकत असतात, आणि ते पाहून आपल्याला काहीतरी कळलंय असं माणसाला वाटतं. तुम्ही तो फलक बघायचाच नाही असं ठरवून बसा.

मग खेळायचं काय? पत्त्यांची सवय असेल तर अंदर बाहर समजायला सोपा. एक पान उघडतात, मग दोन्ही बाजूंना आळीपाळीनं पानं पडतात आणि जुळणारं पान ज्या बाजूला पडेल ती जिंकते. पहिलं पान ज्या बाजूला पडतं ती बाजू 51.5 टक्के वेळा जिंकते, म्हणून तिला पूर्ण पैसे देत नाहीत, सहसा 100 ला 90 देतात. हिशेब केला तर त्या बाजूला हाऊसचा वाटा साधारण 2.15 टक्के पडतो आणि दुसऱ्या, पूर्ण पैसे देणाऱ्या बाजूला 3 टक्के. अंदर बाहरच्या टेबलावर 'किती पानांत जुळेल' अशा बाजूच्या पैजाही असतात. त्यांची मोठी बक्षिसं बघून हात जातो, पण हाऊसचा वाटा तिथे बराच जास्त असतो. बकारा हाही पत्त्यांचाच खेळ, बँकर आणि प्लेयर या दोन बाजूंपैकी कोणती जिंकेल त्यावर लावायचं. त्यात हाऊसचा वाटा बँकरवर 1.06 आणि प्लेयरवर 1.24 टक्के, दोन्ही चांगले. 'टाय'वर, म्हणजे बरोबरीवर, मात्र 14 टक्क्यांहून जास्त, तिथे चिप ठेवू नका. ब्लॅकजॅक, म्हणजे 21 च्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करायचा खेळ, नीट शिकून खेळला तर हाऊसचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. पण नीट शिकून म्हणजे कोणत्या पानांवर काय करायचं याचा तक्ता पाठ करून, आणि ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांतच 21) लागल्यावर 100 ला 150 देणारं टेबल मिळालं तरच. 120 देणारं टेबल असेल तर तो फायदा गेलाच. तीन पत्ती घरी दिवाळीत खेळता तशी नसते, इथे तुम्ही हाऊसविरुद्ध खेळता, शेजाऱ्याला भीती घालून पान टाकायला लावता येत नाही. जोडी किंवा त्याहून वरचं पान चारात साधारण एकदाच येतं हे लक्षात असू द्या. स्लॉट मशीनबद्दल एवढंच की तिथला हाऊसचा वाटा बसणाऱ्याला दिसत नाही आणि वेग फार असतो.

हे सगळे आकडे सांगितले तरी एक गोष्ट मान्य करतो: एका रात्रीत कोणाचं काय होईल ते कोणीच सांगू शकत नाही. मी नवख्या पोराला एका आकड्यावर तीन वेळा जिंकताना पाहिलंय आणि मुरलेल्या माणसाला वीस मिनिटांत उठताना. टक्केवारी लांब पल्ल्याची असते. पण पल्ला जितका लांबवाल, म्हणजे जितके तास बसाल, तितके तुम्ही त्या टक्केवारीच्या जवळ जाता. म्हणून वेळही पैशासारखाच ठरवून न्या. आत घड्याळ नाही, खिडकी नाही, दारू पॅकेजमध्येच आहे. फोनला बाराचा गजर लावा आणि तो वाजला की चौघांनी वरच्या डेकवर यायचं, असं जेट्टीवरच ठरवा. वर आलात की अटल सेतूचे दिवे दिसतात, वारा लागतो, आणि खाली किती आवाज होता ते तेव्हा कळतं.

पॅकेजचं काम पटकन सांगतो. त्यात प्रवेश, जेवण, पेयं, कार्यक्रम आणि काही रकमेच्या चिप्स असतात. त्या चिप्स कोणत्या, ते आधी विचारा. बऱ्याचदा त्या ओटीपी (वन टाइम प्ले) असतात, म्हणजे एकदाच खेळायच्या. त्या रोख करून मिळत नाहीत. लावलेली ओटीपी जिंकली तर तेवढ्या खऱ्या चिप्स मिळतात आणि ओटीपी काढून घेतात, हरली तर गेलीच. लाल-काळ्यावर लावायच्या एक हजाराच्या ओटीपीची खरी किंमत साधारण 486 रुपये धरा. 'तीन हजारांत दोन हजारांच्या चिप्स फुकट' असं कोणी जेट्टीबाहेर सांगितलं तर ते फुकट म्हणजे साधारण 970 रुपये आहेत. महागड्या पॅकेजची तुम्हाला गरज नाही. शुक्रवार ते रविवार आणि नाताळ ते नवीन वर्ष सोडून या, दर कमी असतात आणि टेबलाचं मिनिममही खाली असतं. तुमच्या एकूण चिप्सच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्श्यापेक्षा मिनिमम जास्त असेल त्या टेबलावर बसू नका.

टेबलावरची दोन-तीन माहितीची कामं. पैसे किंवा चिप्स डीलरच्या हातात द्यायच्या नाहीत, टेबलावर ठेवायच्या, कॅमेऱ्याला दिसलं पाहिजे. डीलर बदलताना तो दोन्ही तळवे उघडून उलटसुलट दाखवतो, तेही कॅमेऱ्यासाठीच. रूलेटवर प्रत्येक खेळाडूला वेगळ्या रंगाच्या चिप्स देतात. त्या फक्त त्याच टेबलावर चालतात, उठताना डीलरकडून किमतीच्या चिप्समध्ये बदलून घ्या. खिशात घालून थेट खिडकीवर नेलेल्या रंगीत चिप्सचे पैसे मिळत नाहीत, परत टेबलापर्यंत यावं लागतं. मोठी रक्कम जिंकलात तर पॅन कार्ड जवळ असू द्या. जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के आयकर आणि वर उपकर आहे, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत.

आता तुमचा तो ट्रॅक्टरच्या हप्त्याचा मित्र.

चौदा वर्षांत मी जे सगळ्यात वाईट पाहिलं ते मोठ्या रकमा हरणारे श्रीमंत नव्हते. ज्याला जिंकणं भाग आहे असा माणूस टेबलावर बसतो, तेव्हा ते लांबून ओळखू येतं. तो चिप्स मोजत राहतो. जेवायला उठत नाही. पाच हजार पुढे गेला तरी हसत नाही, कारण हप्ता पंचवीसचा असतो. आणि हरायला लागला की त्याला थांबायची जागाच उरत नाही, कारण घरून निघतानाच त्यानं ते पैसे मनात बँकेत भरलेले असतात. सुपरवायझर असताना मी अशा दोघा-तिघांशी कठड्यापाशी उभा राहून बोललो. एकानं मला विचारलं होतं, "तुम्ही घरी फोन करून सांगाल का?" मी केला. त्याच्या बायकोनं "बरं" एवढंच म्हटलं, आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

ट्रॅक्टरचा हप्ता कॅसिनोतून सुटणार नाही. वरचा हिशेब त्यालाही दाखवा. 25 हजारांतले 7,143 खिडकीवर, उरलेल्यांतून 25 परत कमवायचे म्हणजे आधी चाळीस टक्के जिंकून पुन्हा शून्यावर यायचं. त्याच 25 हजारांत हप्त्याचा काही भाग आजच भरला जातो आणि बँकेत जाऊन व्यवस्थापकासमोर बसलं तर मुदत वाढवून मागता येते. ते संकोचाचं काम आहे, ठाऊक आहे मला. सोबत तुम्ही जा.

त्याला बोटीवर न्यायचं की नाही, हे तुम्ही मित्र म्हणून ठरवा. तो आधीपासून मोबाईलवर पैशांची रमी किंवा तीन पत्ती खेळत असेल, ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं ते खेळ बंद झाल्यावर बेचैन झाला असेल, उसने घेऊन खेळला असेल, तर माझं स्पष्ट मत: नेऊ नका. आणि तुम्ही तिघंही त्या रात्री जाऊ नका, त्याला हॉटेलवर एकटं ठेवून जाणं वाईट. त्याला बोलायची गरज असेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तसं काही नसेल, ती ओळ नुसती बोलण्याच्या भरात आली असेल, तर या चौघं. पण 25 नाही, प्रत्येकी पाच हजार. कार्डं हॉटेलच्या तिजोरीत, यूपीआयची रोजची मर्यादा आदल्या दिवशी कमी केलेली, आणि बोटीवर कोणीही कोणाला उसने द्यायचे नाहीत, चहाइतकेही. पाच हजारांत 3,571 च्या चिप्स येतील. अंदर बाहर किंवा बकाराचं शंभराच्या आसपास मिनिमम असलेलं टेबल मिळालं तर त्या दोन-तीन तास पुरू शकतात, आणि तेवढ्यात बोट पुरेशी बघून होते.

हप्ता कोणत्या बँकेचा आणि किती महिने थकलाय ते लिहिलंत तर त्याबद्दलही सांगेन. माझ्या धाकट्या भावाचा पॉवर टिलर असाच अडकला होता आणि आम्ही तो सोडवला.